राखीव भाषण

प्रिय मिस्त्री,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र खणात टाकशील, दोन दिवस तिकडे ढुंकून बघणार नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली की हळूच उघडशील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. आज दुपारी सव्वाबारा वाजता मी रेडिओवर तुझं जुनं भाषण लावलं. अडकणाऱ्या दाराचं. पूर्ण अकरा मिनिटं. लावणार नाही असा शब्द मी तुला दिला होता, तो मोडला. गळ्याच्या ऑपरेशननंतरच्या त्या एका दिवसापासून, म्हणजे चौदा महिने, तू माझ्याशी तोंडाने एक अक्षर बोललेला नाहीस. चिठ्ठ्या तेवढ्या चालू आहेत. आता ह्या प्रकारानंतर त्याही बंद होतात की काय, ही धास्ती घेऊन लिहायला बसले आहे.

मेसेज करता आला असता. पण माझे मेसेज तू वाचतोस आणि दोन निळ्या खुणांवर माझी बोळवण करतोस. फोनवर तर तुझी पद्धत ठरलेली. बायको फोन तुझ्या कानाला लावणार, मी इकडून बडबडणार, आणि तू बाकावर पेन्सिल आपटणार. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. गेल्या महिन्यात तू तीनदा आपटलीस. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण चांगला नसावा. पत्राचं त्या मानाने बरं असतं, लिहिणारीला शेवटपर्यंत बोलून घेता येतं.

आज आमचा बोलका दिवस होता. वर्षातून एकदाच येतो आणि वर्षभराची झोप उडवून जातो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा केंद्रावरून एकही गाणं लागत नाही. नुसती माणसं बोलतात, आणि सगळी थेट. एरवी एखादा पाहुणा उशिरा आला की आम्ही गाणं लावून मोकळे होतो, श्रोत्यांना वाटतं त्यांच्यासाठीच लावलं. आज ती सोय नाही. बारा तास बोलणं भरायचं म्हणजे किती बोलणं लागतं, ते आमच्या खात्यातल्या माणसालाच कळेल. तुला म्हणून सांगते, मी महिनाभर रस्त्यात भेटेल त्याला विचारत होते, तुम्हाला कशाबद्दल दहा मिनिटं बोलता येईल? आमच्या इमारतीतला लिफ्टवाला म्हणाला, बाई, दहा मिनिटांत मला चौदा मजले वर-खाली करावे लागतात, बोलायला फुरसत कुठली. पण आला बिचारा. सकाळी सव्वासातला लिफ्टमधल्या माणसांबद्दल असा काही बोलला की मी काचेपलीकडे पोट धरून हसत होते. लिफ्टमध्ये शिरल्यावर माणूस आकड्यांकडेच का बघत राहतो, ह्यावर त्याने तीन मिनिटं काढली.

त्यानंतर दातांच्या डॉक्टरीणबाई. बोलायला फार गोड, पण हातात कागदांची चळत, आणि प्रत्येक वाक्याला एक कागद उलटायचा. माइकला तो आवाज असा ऐकू येतो की बाई दातांची निगा सांगता सांगता स्वतः काहीतरी कुरकुरीत चावताहेत. आमचे तंत्रज्ञ, ज्यांना तू कानसेन म्हणायचास (आता सगळं केंद्रच म्हणतं, पाप तुझ्या माथी), ते आत गेले, बाईंच्या हातातून एकेक कागद अलगद काढून घेतला आणि पुढचा समोर धरला. बाईंनी बोलणं न थांबवता मानेनेच आभार मानले. साडेदहाला शेजाऱ्यांवर चर्चा होती. दोन खरे शेजारी बोलावले होते, भिंतीला भिंत लागून वीस वर्षं राहिलेले. खेळीमेळीत चाललं होतं, तेवढ्यात एकाने दुसऱ्याच्या मिक्सरचा विषय काढला. सात मिनिटं नुसता मिक्सर. आमच्या संचालकबाई धावत खाली आल्या, पण तोवर फोनांचा पाऊस पडायला लागला होता. सगळ्यांच्या शेजाऱ्यांकडे मिक्सर होता. थोडक्यात, दिवस झकास चालला होता आणि मी खुशीत होते. आपण ह्या कामासाठीच जन्माला आलो असं वाटावं, असे दिवस मला वर्षात दोन-तीनच मिळतात.

सव्वाबाराला निवृत्त पोस्टमास्तर होते. विषय होता, चुकीच्या पत्त्याची पत्रं. चाळीस वर्षं त्यांनी तसली पत्रं ज्याची त्याच्या घरी पोचवली. माझ्याशी फोनवर बोलताना तर ऐकतच राहावं असे बोलले. आले वेळेवर, कोट घालून, आधी पाणी पिऊन. लाल दिवा लागला. त्यांनी नमस्कार म्हटलं, आणि संपलं. पुढे शब्दच नाही. ओठ हलताहेत, घाम फुटलाय, आणि आवाज नाही. आमच्याकडे नियम आहे, आठ सेकंद. आठ सेकंदांहून जास्त शांतता गेली की ऐकणाऱ्याला रेडिओ बिघडला असं वाटतं आणि तो दुसरं केंद्र लावतो. कानसेनांनी तीन मोजले आणि माझ्याकडे बघून विचारलं, राखीव कुठलं लावू?

राखीव म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. कपाटात कायम दोन भाषणं तयार ठेवायची, अडीअडचणीला. कपाट आता कॉम्प्युटरमध्ये गेलं, पण आम्ही कपाटच म्हणतो. एक भाषण होतं कुत्रा चावल्यावर काय करावं ह्याचं. ते इतकं जुनं की त्यातली निम्मी माहिती आता उलटी ठरली आहे. लावलं असतं तर आमच्यावरच इलाज करायची पाळी आली असती. आणि दुसरं तुझं. पुढे लाल अक्षरात, माझ्याच हाताने टाइप केलेलं, ‘विचारल्याशिवाय लावू नये’. कानसेनांनी ते वाचलं. पाच सेकंद झाले होते. मी म्हटलं, लावा.

आता तू म्हणशील, आठ सेकंदांत बिचारी काय करणार. मलाही दुपारभर तेच म्हणावंसं वाटत होतं. पण ते खरं नाही. मी स्वतः आत जाऊन माइकवर बसू शकले असते. तीस वर्षं हेच काम करते, पोस्टमास्तरांना दोन प्रश्न विचारून बोलतं केलं असतं. ते मला सुचलं होतं. सुचूनही मी लावा म्हटलं, कारण मला तुझा आवाज ऐकायचा होता. आता कुठे लिहिलं एकदाचं. तू चिठ्ठीवर ‘ते भाषण पुन्हा लावायचं नाही, मला ऐकवत नाही’ असं लिहिलंस, त्या दिवसापासून मीही ते ऐकलं नव्हतं. एकटीनेसुद्धा नाही. चोरी केल्यासारखं वाटलं असतं.

आठवतं का रे, ते कसं झालं होतं? एकोणीस वर्षं झाली. दोन नंबरच्या स्टुडिओचं जाडजूड दार चौकटीत अडकायला लागलं होतं आणि तू ते तासायला आला होतास. पाहुणा आला नाही. मी तुला कानसेनांच्या मदतीने अक्षरशः ढकलून खुर्चीवर बसवलं. डोक्यात भुसा, कानावर पेन्सिल, हातात रंधा तसाच. नातेवाइकांना माइकवर आणायचं नाही असा नियम, म्हणून मी तुझी ओळख करून दिली ‘एक अनुभवी सुतार’. तेव्हा तुझा अनुभव किती होता, ते आईच्या डगमगणाऱ्या स्टुलाला विचारायला हवं. पण बोललास काय सुंदर! दार अडकलं की लगेच रंधा घेऊन धावू नका, म्हणालास. आधी बिजागरीचे स्क्रू बघा, बिचारं दार निम्म्या वेळा निर्दोष असतं. मग दाराच्या कडेला खडू घासा, दार हलकेच लावा, उघडा. जिथला खडू चौकटीला लागला असेल तेवढंच घासतंय, तेवढंच तासा. आणि दमट हवेत तर अजिबात तासू नका, नाहीतर हवा कोरडी झाली की फट पडेल आणि मग मला बोलवाल. हे शेवटचं बोलून तू स्वतःच हसलास, आणि ते हसूही भाषणात राहिलं.

आज ते हसू आलं तेव्हा मी रडले. कानसेनांनी बघितलं आणि काचेकडे तोंड करून उगाचच दोन बटणं खाली-वर केली. त्यांच्या ह्या उगाचच्या बटणांवर माझा फार जीव आहे. आणि पोस्टमास्तर आतच खुर्चीत बसून तुझं भाषण ऐकत होते. हेडफोन काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाषण संपलं, मी आत गेले, त्यांना म्हटलं, तुम्ही घरी जाऊन आराम करा. तर म्हणाले, नाही हो, हा मनुष्य भाषण करत नव्हता, कामाचं बोलत होता. तसं मला येईल. आणि मधल्या सूचना संपताच साडेबाराला बोलले की! खरोखर बोलले. पत्त्याच्या जागी नुसतं ‘निळ्या खिडकीची मावशी’ लिहिलेलं एक पाकीट तीन आठवडे खिशात घेऊन ते कसे हिंडले, ते त्यांनी सांगितलं. मावशी सापडली. खिडकीला दरम्यान हिरवा रंग दिला होता.

तुझ्या भाषणावर अकरा फोन आले. मी सगळे स्वतः घेतले. एका बाईंनी बोलता बोलताच न्हाणीघराच्या दाराला खडू लावून बघितला आणि मला तिथूनच ओरडून सांगितलं, वरच्या कोपऱ्यात घासतंय! एका आजोबांना तुझा पत्ता हवा होता. एकाने विचारलं, हे सुतार अजून काम करतात का. मी म्हटलं, हो, रोज. मग त्याने विचारलं, पुढचं भाषण कधी आहे. मी ‘कळवू’ म्हटलं, जे आम्ही कधीच काही कळवायचं नसतं तेव्हा म्हणतो.

आता त्या दिवसाबद्दल. लोकांना वाटतं तू बोलणंच सोडलं आहेस. पण तुझी बायको मला सांगते, तू घरात बोलतोस. तिच्याशी, पोरीशी, मांजराला तर दरडावतोसही. घरच्या माणसांत तू फक्त माझ्याशी बोलत नाहीस. का, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला माहीत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंची ती खोली. मध्ये काच, काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तू, थेट आमच्या स्टुडिओसारखं. मी सकाळची पाळी करून तशीच आले होते. बाईंनी तुझ्या हातात ते टॉर्चएवढं यंत्र दिलं, गळ्याला कसं टेकवायचं दाखवलं, आणि तू माझ्याकडे बघत पहिलं वाक्य बोललास. यंत्राचा गूंऽऽ असा सूर आला, त्याच्यात गुंडाळलेले शब्द आले, आणि माझा हात वर गेला. आडवा, गळ्यावरून. स्टुडिओत खराब आवाज आला की आम्ही करतो ती खूण. बंद.

मी ती मुद्दाम केली नाही, हे तुला पटेल का माहीत नाही. तीस वर्षं तसा सूर कानावर आला की माझा हात माझ्या आधी उठतो. तारेत बिघाड झाला की नेमका तसाच आवाज येतो. पण तो बिघाड नव्हता, तू होतास. आणि गळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासमोर मी गळ्यावरून हात फिरवला. दुसऱ्या कुणाला ती खूण कळली नसती. तुला कळली, कारण एकोणीस वर्षांपूर्वी अकरा मिनिटं झाल्यावर मी तुलाही ती केली होती, आणि घरी जाऊन तू महिनाभर ती गप्पिष्ट मामांवर वापरली होतीस. तू यंत्र खाली ठेवलंस. रागावलाही नाहीस. रागावला असतास तर मी भांडले असते, रडले असते, मिटलं असतं. तू नुसती मान हलवलीस, कळलं अशी. ती मान मला अजून दिसते. त्यानंतर मी चारदा माफी मागायला म्हणून आले आणि चारही वेळा मांजराची चौकशी करून परत गेले.

दुपारी चार वाजता तुझ्या बायकोचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला, आता बोलणी खायची म्हणून. तर ती हसत होती की रडत होती, तेच कळेना. म्हणाली, ताई, ह्यांनी तुमचं भाषण ऐकलं. मी म्हटलं, माझं कसलं, त्याचंच. तिने सगळं सांगितलं. कपाटाची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक समोर उभं होतं. रेडिओवर तू सुरू झालास. तू रंध्याचं मशीन बंद केलंस, हात पुसलेस, आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकलंस. गिऱ्हाईक म्हणालं, छान बोलतो हो हा माणूस, कोण आहे? आणि तू खणातून यंत्र काढलंस, गळ्याला टेकवलंस, आणि अनोळखी माणसासमोर पहिल्यांदा बोललास. ‘मीच. तेव्हा फार भरभर बोलायचो.’

मिस्त्री, त्या कपाटवाल्या गिऱ्हाइकाचा मला इतका हेवा वाटला की काय सांगू. चौदा महिने मी ज्याच्यासाठी झुरते आहे, ते त्याला कपाटाचं माप देता देता मिळालं. पण हेव्यापेक्षा आनंद मोठा होता, हेही खरं. मी फोन ठेवला आणि संचालकबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, राखीव भाषण जुनं झालं आहे, नवं करायचं आहे, त्याच माणसाचं. त्यांना ऑपरेशनचं माहीत आहे. त्यांनी विचारलं, यंत्राच्या सुरामुळे लोकांना रेडिओ बिघडला असं वाटलं तर? म्हटलं, त्याची व्यवस्था मी करते. त्या म्हणाल्या, करा.

तर हे पत्र त्यासाठी आहे. माझ्या हाताने त्या दिवशी तुला गप्प केलं, त्याची माफी मागते. पाचव्या खेपेला का होईना, मांजराला मध्ये न आणता मागते. आणि येत्या गुरुवारी अकरा वाजता दोन नंबरचा स्टुडिओ तुझ्यासाठी धरून ठेवला आहे. विषय तुझा तू ठरव, मला पंधरा मिनिटं चालतील, वीसही चालतील, कारण आता तू सावकाश बोलतोस. सुरुवातीची ओळख मी स्वतः माइकवर सांगणार आहे, ती लिहूनही ठेवली आहे. नियमाला काय व्हायचं ते होवो. ‘श्रोतेहो, तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. हा माझ्या भावाचा आवाज आहे.’ एवढीच. तू आलास तर तुझ्या आधी मी एवढं बोलेन आणि गप्प बसेन. यायचं नसेल तर त्याचाही मला राग येणार नाही. फक्त ते चिठ्ठीवर लिहून पाठवू नकोस, पेन्सिल आपटून तर मुळीच नको. माझ्या दारात ये, यंत्र गळ्याला लाव, आणि ‘येत नाही जा’ असं तोंडावर सांग. मला तेवढंही चालेल. मला ऐकायचं आहे.

तुझीच, तुझ्याहून साडेतीन वर्षांनी शहाणी (असं फक्त आई म्हणायची),

ताई